‘गर्ल्स ऑफ कलर’साठी न्यू जर्सीत संस्था नोंदवताना: पहिल्या कागदापासून करमाफीच्या पत्रापर्यंत

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत आम्ही पाच जणी दर शनिवारी बारा ते सतरा वयाच्या मुलींसाठी दोन तासांचा वर्ग घेत होतो. एक तास गणित आणि कॉलेजच्या अर्जांची तयारी, दुसरा तास बोलण्यासाठी. मुली कृष्णवर्णीय, लॅटिना, भारतीय, फिलिपिनो. जागा गावच्या ग्रंथालयाची, वह्या आणि खाऊ पदरच्या पैशांतून. सप्टेंबर २०२३ मध्ये अकरा मुली होत्या, डिसेंबरात सव्वीस झाल्या आणि ग्रंथालयाची खोली पुरेना. शाळेचा हॉल मागितला तर शाळेने विम्याचा दाखला मागितला. विमा काढायला गेलो तर पहिला प्रश्न आला, विमा कुणाच्या नावाने? पाच मैत्रिणींच्या नावाने असा विमा निघत नाही. म्हणून संस्था.

याला सव्वा वर्ष लागलं. त्या काळात जे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, ते क्रमाने लिहिते आहे. मराठी घरांतल्या अनेक जणी इथे असं काम करू पाहतात आणि कागदांच्या धास्तीने थांबतात. कागद खूप आहेत, पण एकही असा नाही जो आपल्याला जमणार नाही.

आधी शब्दाबद्दल, कारण पुढची सगळी कागदपत्रं त्यावरच उभी आहेत. ‘गर्ल्स ऑफ कलर’ मराठीत आणताना अडखळायला होतं. आपल्याकडे मुलीचा रंग म्हटलं की स्थळांच्या जाहिरातीतली गोरी, निमगोरी, सावळी आठवते. इथे तो शब्द वेगळ्या वाटेने आला. १९७७ मध्ये ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली. तिथे कृष्णवर्णीय महिलांनी आणलेल्या मागण्यांना लॅटिना, आशियाई आणि मूळ अमेरिकी बायका येऊन मिळाल्या, तेव्हा सगळ्यांना सामावणारं ‘विमेन ऑफ कलर’ हे नाव घेतलं गेलं, असं कृष्णवर्णीय कार्यकर्त्या लोरेटा रॉस सांगतात. एकत्र मागणी मांडण्यासाठी घेतलेलं ते नाव आहे. आपल्या समाजातले आईवडील हमखास विचारतात, “आमची मुलगी यात बसते का?” बसते. याच राज्यात १९८५ पासून ‘मानवी’ ही संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते आहे, हे सांगितलं की पालकांना संदर्भ लागतो. पत्रकावर नुसतं ‘ऑफ कलर’ लिहिलं तर निम्मे पालक आपल्यासाठी नाही म्हणून बाजूला ठेवतात. समाजांची नावं स्पष्ट लिहा, आणि स्पॅनिश, गुजराती, तेलुगू, मराठीत एकेक ओळ घाला.

जानेवारी २०२४ मध्ये पहिला प्रश्न होता: स्वतःची संस्था हवीच का? दुसरा मार्ग म्हणजे फिस्कल स्पॉन्सर. आधीच करमाफी मिळालेली एखादी संस्था तुम्हाला आपल्या छत्राखाली घेते. देणग्या तिच्या खात्यात जमा होतात, हिशेब तीच ठेवते, आणि जमा रकमेतले बहुधा ५ ते १० टक्के घेते. उपक्रम वर्ष-दोन वर्षांचाच असेल तर हाच मार्ग घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही दोन ठिकाणी विचारलं. दोघांनीही अठराखालच्या मुलांसोबतचं काम त्यांच्या विम्यात बसत नाही म्हणून नकार दिला. मुलामुलींसोबत काम असेल तर हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा, महिना वाचेल.

मग विश्वस्त मंडळ. न्यू जर्सीच्या कायद्याने किमान तीन विश्वस्त लागतात. १८६०च्या सोसायटी कायद्याखाली आपल्याकडे सात जण लागतात, त्या सवयीने आम्हीही सातच घेतले आणि ते बरंच झालं: विषम संख्या असली की मतं अडकत नाहीत. नवरा-बायको दोघंही मंडळात नकोत. कायद्याने सरसकट बंदी नाही, पण करमाफीच्या अर्जात पदाधिकाऱ्यांची आपसातली नाती विचारतात, आणि एकाच घरातले लोक बहुमतात दिसले की पुढचे प्रश्न वाढतात. आमच्यात एक लेखापाल, एक शाळेतली समाजसेविका आणि वर्गातल्या दोन मुलींच्या आया आहेत. दोन्ही आया कृष्णवर्णीय आणि लॅटिना समाजातल्या. हे मुद्दाम केलं. ज्या मुलींसाठी संस्था, त्यांच्या घरचं कुणी सहीच्या जागेवर नसेल तर पहिला अनुदान देणाराच ते विचारतो, आणि त्याने ते विचारलंच पाहिजे.

फेब्रुवारीत राज्याकडे सर्टिफिकेट ऑफ इन्कॉर्पोरेशन, म्हणजे संस्थेच्या स्थापनेचा कागद, भरलं. ऑनलाइन भरता येतं, शुल्क ७५ डॉलर. नाव आधी कुणी घेतलं आहे का, ते राज्याच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतं. नोंदणीकृत कार्यालयाला न्यू जर्सीतला खरा रस्त्याचा पत्ता लागतो, पोस्टाची पेटी चालत नाही. तो पत्ता सार्वजनिक नोंदीत जातो. मुलींची नावं-पत्ते जपायच्या संस्थेने स्वतःच्या बायकांच्या घरचे पत्तेही जपावेत, म्हणून एका विश्वस्ताच्या व्यवसायाच्या जागेचा पत्ता दिला.

याच टप्प्यावर आमची मोठी चूक झाली. उद्देशाच्या रकान्यात आम्ही घाईने एकच ओळ लिहिली: ‘मिडलसेक्स काउंटीतील गर्ल्स ऑफ कलरना सक्षम करणे.’ राज्याने ते मान्य केलं, कारण राज्याला तेवढं चालतं. पण करमाफी देणारं खातं, म्हणजे केंद्राची इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस, वेगळं आहे. त्या कागदात चार वाक्यं असावीत, त्यातलं पहिलं आणि शेवटचं त्याला हवंच असतं: उद्देश केंद्रीय करकायद्याच्या कलम ५०१(सी)(३) मध्ये बसणारे, म्हणजे शैक्षणिक, धर्मादाय वगैरे, असल्याचं वाक्य, नफा कुणाही व्यक्तीच्या खिशात जाणार नाही हे वाक्य, निवडणुकीत कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरुद्ध प्रचार करणार नाही हे वाक्य, आणि संस्था बंद झालीच तर उरलेली मालमत्ता दुसऱ्या करमाफीधारक संस्थेकडे जाईल हे वाक्य. यांचे नमुने याच खात्याच्या प्रकाशन क्र. ५५७ मध्ये तयार मिळतात. ते आधी वाचले असते तर दुरुस्तीपत्र, त्याचं वेगळं शुल्क आणि तीन आठवडे वाचले असते. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी आणि आयकराची १२ए, ८०जी वेगळी असते, तसंच हे आहे. राज्याने जन्माला घातलं म्हणजे केंद्राने कर माफ केला असं होत नाही.

सर्टिफिकेट हाती आलं त्याच दिवशी ईआयएन घेतला. हा संस्थेचा नऊ आकडी कर-क्रमांक. सरकारी संकेतस्थळावर फुकट आणि लगेच मिळतो. शोध घेतला की वरच्या दोन-तीन जाहिराती पैसे घेऊन तेच काम करून देणाऱ्या असतात, तिकडे जाऊ नका. अर्ज अर्धवट ठेवून उठलात आणि १५ मिनिटं काही भरलं नाही तर सगळं पुसलं जातं. संस्था राज्याकडे नोंदायच्या आधी हा क्रमांक घेऊ नका, कारण क्रमांक मिळाला की खातं संस्था अस्तित्वात आहे असं धरतं आणि वार्षिक विवरणाचं घड्याळ सुरू होतं. शेवटी सीपी ५७५ नावाचं पत्र पडद्यावर येतं. ते तेव्हाच उतरवून घ्या, दोन प्रती छापा. ते पुन्हा मिळत नाही, नंतर फोन करून १४७सी नावाचं बदली पत्र मागवावं लागतं.

मार्चमध्ये पहिली सभा झाली. संस्थेची घटना, म्हणजे बायलॉज, अकरा पानांची झाली. तीत मुदत, गणपूर्ती, सह्यांचे अधिकार, विश्वस्ताला काढायची पद्धत. हितसंबंधांच्या संघर्षाचं धोरण आम्ही स्वतः लिहिलं नाही, फॉर्म १०२३च्या, म्हणजे करमाफीच्या अर्जाच्या, सूचनांना जोडलेला नमुना जसाच्या तसा ठरावाने स्वीकारला. सभेचं इतिवृत्त लिहिताना ‘चर्चा झाली’ एवढ्यावर थांबू नका. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं, बाजूने किती, तटस्थ किती, ते हवं. बँकेने खातं उघडताना नेमकं तेच पान मागितलं. सोबत सर्टिफिकेट, ईआयएनचं पत्र, घटना आणि सही करणाऱ्या दोघींची ओळखपत्रं लागली. खातं उघडल्याच्या दिवसापासून वहीसुद्धा वैयक्तिक कार्डावर घ्यायची नाही, हा नियम केला. ‘झेल’वरून, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या सोयीने, खाजगी खात्यावर आलेली एखादी देणगी पुढे हिशेबात फार छळते.

एप्रिल ते जून गेला करमाफीच्या अर्जात. दोन अर्ज असतात. १०२३-ईझी हा छोटा, शुल्क २७५ डॉलर. येत्या तीन वर्षांत कुठल्याही वर्षी जमा ५०,००० डॉलरच्या वर जाणार नाही आणि मालमत्ता २,५०,००० डॉलरच्या आत आहे, अशांनाच तो चालतो. दुसरा पूर्ण फॉर्म १०२३, शुल्क ६०० डॉलर. दोन्ही पे डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचे. छोट्याचं उत्तर काही आठवड्यांत येऊ शकतं, मोठ्याला सहा महिने आणि वर. आम्हाला तिसऱ्या वर्षी एका पगारी समन्वयिकेची गरज दिसत होती, त्यामुळे अंदाजपत्रक पन्नास हजारांच्या पुढे जात होतं. छोट्या अर्जात बसण्यासाठी अंदाज दाबून लिहायचा मोह होतो. तसं करू नका. त्या अर्जावर खोटं नसल्याच्या प्रतिज्ञेखाली सही असते.

पूर्ण अर्जाचं हृदय म्हणजे उपक्रमांचं वर्णन. प्रत्येक उपक्रमासाठी कोण, कुठे, कधी, किती वेळ, पैसा कुठून आणि यातून उद्देश कसा साधतो, हे लिहायचं. ‘मुलींना आत्मविश्वास देणे’ हे वर्णन होत नाही. आमचं वाक्य असं झालं: ‘शाळेच्या वर्षात ३२ शनिवार, सकाळी १० ते १२, आठ मुलींमागे एक मार्गदर्शक, सहभाग मोफत.’ आकड्यांत लिहिलं की पुढचे निम्मे प्रश्न येतच नाहीत. गरज का आहे, तिथे दोन अभ्यास उपयोगी पडले. मिस फाउंडेशन फॉर विमेनच्या २०२० च्या अहवालानुसार २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फाउंडेशनांनी विमेन अँड गर्ल्स ऑफ कलरसाठी म्हणून दिलेला पैसा डोकी वर्षाला ५.४८ डॉलर भरतो. आणि जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायदा केंद्राच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं की पाच ते चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलींना मोठी माणसं त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस आणि कमी आधाराची गरज असलेल्या समजतात. पहिला आकडा अर्जात गेला. दुसरा आम्ही स्वयंसेविकांच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या पानावर घातला, कारण आपल्या घरांतूनही ‘या मुली किती थोराड वाटतात’ हे वाक्य सहज निघतं, आणि त्याचा भार बारा वर्षांच्या मुलीवर पडतो.

आणि मग ३ जून २०२४. मसुदा जवळपास तयार होता. त्या दिवशी अकराव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाचा प्रादेशिक विभाग) अपील न्यायालयाने अटलांटाच्या फिअरलेस फंडविरुद्ध निकाल दिला. हा फंड कृष्णवर्णीय बायकांच्या व्यवसायांसाठी २०,००० डॉलरच्या अनुदानाची स्पर्धा घेत होता, आणि प्रवेश फक्त त्यांनाच होता. न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती रोखली. आधार होता १८६६च्या नागरी हक्क कायद्यातून आलेल्या कलम १९८१चा, ज्यात करार करताना वंशावरून भेद करायला मनाई आहे. गुलामगिरीतून सुटलेल्यांना करार करता यावेत म्हणून आलेलं ते कलम. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली.

न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटमध्ये येतं, म्हणजे तो निकाल इथे बंधनकारक नाही. पण आमच्या मसुद्यात ‘केवळ’ हा शब्द होता. शिवाय मोठ्या मुलींना उन्हाळ्यात लहानग्यांना शिकवण्यासाठी मानधन द्यायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी मुलगी व पालक करारनाम्यावर सही करणार होते. मोफत वर्ग ही एक गोष्ट, सहीचा करारनामा आणि पैसा ही दुसरी. त्यात करमाफीचा नियम वेगळा: वंशावरून भेद करणाऱ्या शाळांना करमाफी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये बॉब जोन्स विद्यापीठाच्या खटल्यात ठरवलेलं आहे. आम्ही विनामूल्य सल्ला देणाऱ्या वकिलाकडे गेलो. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कनेटिकटमधल्या संस्थांना प्रो बोनो पार्टनरशिप असे स्वयंसेवी वकील जोडून देते. अर्ज करून रांगेत थांबावं लागतं, पण तिथेच आधी चौकशी करा.

दोन संध्याकाळी त्या एका वाक्यावर गेल्या. शेवटी ठरलं ते मराठीत साधारण असं: ‘शिक्षण आणि नेतृत्वाच्या संधी ज्यांच्यापर्यंत कमी पोचल्या आहेत अशा, विशेषतः कृष्णवर्णीय, लॅटिना, आशियाई व मूळ अमेरिकी समाजांतल्या मुलींचे अनुभव केंद्रस्थानी ठेवून मोफत शैक्षणिक कार्यक्रम चालवणे, प्रवेश, मानधन वा शिष्यवृत्ती वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ पाहून ठरणार नाही.’ आमच्यातल्या एकीला हे माघार घेतल्यासारखं वाटलं, आणि तिचं वाटणं चुकीचं नव्हतं. पण अभ्यासक्रम कुणाच्या इतिहासावर, मार्गदर्शक कोण, शेल्फवर पुस्तकं कुणाची, पत्रकं कुठल्या चर्चमध्ये, कुठल्या देवळात आणि कुठल्या धोब्याच्या दुकानात लावायची, हे सगळं आमच्याच हातात राहिलं. वर्ग कुणाचा आहे ते त्यावरून ठरतं. दार मात्र कागदावरही उघडं हवं. हे दुरुस्त वाक्य राज्याकडच्या दुरुस्तीपत्रात, घटनेत, १०२३ मध्ये आणि पुढे प्रत्येक अनुदानाच्या अर्जात अक्षरशः तेच ठेवलं. चार ठिकाणी चार शब्दरचना असल्या की प्रश्न येतातच.

‘मुली’ या शब्दाचंही पाहावं लागतं. केंद्राचा पैसा घेणाऱ्या शैक्षणिक संस्थांना लिंगावरून भेद करायला टायटल नाइन हा केंद्रीय कायदा मनाई करतो. पण गर्ल स्काउट्स, वायडब्ल्यूसीए आणि परंपरेने एकाच लिंगाचं, मुख्यतः एकोणीस वर्षांखालचं सदस्यत्व असलेल्या स्वयंसेवी युवा संस्थांच्या सदस्यत्वाला त्यात सूट आहे. शाळेने हे विचारलं तेव्हा वकिलाच्या पत्राची एक प्रत पुरली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज गेला. सगळी जोडपत्रं मिळून एकच पीडीएफ लागते, कमाल १५ एमबी. आमची पहिली ४० एमबीची झाली, कारण घटना रंगीत स्कॅन केली होती. काळ्या-पांढऱ्यात केली आणि बसली. शुल्क खात्यातून परस्पर गेलं. पे डॉट गव्हची पावती आणि भरलेल्या अर्जाची प्रत त्याच क्षणी उतरवून ठेवा.

मग थांबणं. सध्या कुठल्या तारखेपर्यंतचे अर्ज हाताळायला घेतलेत, हे खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं. ते आठवड्यातून एकदा पाहावं, रोज पाहून जीव कासावीस होतो. थांबण्याच्या काळात देणगी घेता येते, पण ‘अर्ज प्रलंबित आहे’ हे देणगीदाराला सांगायचं. स्थापनेच्या महिन्याच्या अखेरीपासून २७ महिन्यांच्या आत अर्ज केलेला असेल आणि मंजूर झाला, तर करमाफी स्थापनेच्या तारखेपासून लागू होते. बरीच फाउंडेशनं आणि कंपन्यांच्या जुळणी-देणग्या (कर्मचाऱ्याच्या देणगीला जोडून कंपनी देते त्या) मात्र पत्र आल्याशिवाय हलत नाहीत. एखादं ठरलेलं अनुदान पत्राअभावी हातचं जाणार असेल तर अर्ज लवकर घ्यावा अशी लेखी विनंती करता येते, सोबत अनुदान देणाऱ्याचं पत्र जोडून.

हे महिने वाया घालवू नका. खरं काम याच काळात उरकतं. सर्वसाधारण दायित्वाचा विमा, एका घटनेला १० लाख आणि वर्षाला २० लाख डॉलर, असा शाळा बहुतेक मागतात, आणि दाखल्यावर शाळेचं नाव ‘ॲडिशनल इन्शुअर्ड’, म्हणजे जोडीचा विमाधारक, म्हणून हवं असतं. पण पॉलिसी उघडून वाचा. लैंगिक छळ व गैरवर्तनाचं संरक्षण अनेकदा वगळलेलं असतं, ते वेगळं विकत घ्यावं लागतं. मुलींच्या संस्थेने ते घेतलंच पाहिजे. आम्हाला दोन्ही मिळून वर्षाला साधारण १,४०० डॉलर पडले.

चौदा स्वयंसेविकांच्या बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी झाली. न्यू जर्सीत मुलांसोबत काम करणाऱ्या विनानफा संस्थांना स्वयंसेवकांची अशी तपासणी मागण्याची सोय कायद्यानेच दिली आहे. ओळखीच्या मावशीकडे हे मागताना संकोच वाटतो. संकोच मोडायचा उपाय एकच: पहिले ठसे अध्यक्षाचे. त्यासोबत नियमांचं दोन पानी पत्रक झालं. बंद खोलीत एक मुलगी आणि एकच मोठी व्यक्ती, असं कधीही नाही. फोनवर मुलीला एकटीला संदेश नाही, गटात पालक असतील तरच. मुलीला घ्यायला कोण येऊ शकतं त्याची सहीची यादी. फोटोसाठी वेगळं संमतीपत्र, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलीच्या नावाच्या बिल्ल्याला पिवळा ठिपका, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्याला विचारावं लागत नाही आणि मुलीला कारण सांगावं लागत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी किती जणींना आहे ते विचारल्याशिवाय चिक्की वाटू नका.

अत्याचाराची शंका आली तर काय करायचं, हे प्रत्येकीला पाठ हवं. या राज्यात शिक्षक-डॉक्टरच नव्हे, प्रत्येक व्यक्तीवर कळवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. राज्याची हेल्पलाइन चोवीस तास चालते: १-८७७-६५२-२८७३. ‘आधी आईवडिलांशी बोलू, घरातली गोष्ट आहे’ असं म्हणायची आपली रीत इथे चालत नाही. शंका ज्या बाईला आली तिने स्वतः फोन करायचा, अध्यक्षाची परवानगी मागत बसायचं नाही. प्रशिक्षणात यावर आम्ही पूर्ण एक तास दिला आणि तोही कमी पडला.

नोव्हेंबरच्या अखेरीस खात्याचं पत्र आलं, जादा माहिती मागणारं. घाबरायला झालं, पण हे नेहमीचं असतं. प्रश्न तीन होते: उन्हाळी मानधनासाठी मुली कशा निवडणार, विश्वस्तांच्या मुली त्यात असतील का, आणि तिसऱ्या वर्षीचा पगार कोण ठरवणार. पत्रावर उत्तराची मुदत छापलेली असते. ती पाळा, नाहीतर फाइल बंद होते. आम्ही निवडीचे निकष लिहून दिले: हजेरी, शिक्षकाचं एक पत्र, कौटुंबिक उत्पन्न. विश्वस्तांच्या मुलींना मानधन नाही, असा ठराव करून त्याची प्रत जोडली. वर्णाचा निकष नव्हताच, त्यामुळे त्यावर एकही प्रश्न आला नाही. जूनमधल्या त्या दोन संध्याकाळींचं चीज इथे झालं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्णयाचं पत्र आलं. साधा कागद, पण वरचा मजकूर ओळीने तपासायचा असतो: संस्थेचं नाव घटनेतल्यासारखंच आहे का, हिशेबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं का, करमाफी लागू झाल्याची तारीख स्थापनेचीच आहे का, सार्वजनिक धर्मादाय संस्थेचं कलम कुठलं. आमचं १७०(बी)(१)(ए)(vi) आलं, म्हणजे पैसा समाजातून येणारी संस्था. पहिली पाच वर्षं ते गृहीत धरतात, पुढे दाखवावं लागतं की पाच वर्षांच्या जमेतला निदान एक तृतीयांश पैसा लोकांकडून आला. त्यात एका देणगीदाराचे फक्त एकूण जमेच्या २ टक्के धरले जातात. पाच वर्षांत १,००,००० डॉलर जमले आणि त्यातले ३०,००० एकाच उदार माणसाने दिले, तर त्याचे २,०००च मोजले जातील. म्हणून पाच-दहा डॉलर देणाऱ्या शंभर घरांची यादी एका मोठ्या धनादेशाइतकीच जपावी.

पत्रानंतरची कामं पटापट झाली. विक्रीकराच्या सवलतीसाठी राज्याकडे आरईजी-१ई हा अर्ज भरला आणि एसटी-५ प्रमाणपत्र मिळालं. ६.६२५ टक्के वाचतात, पण पैसे संस्थेच्या कार्डानेच भरले तर. स्वतःच्या कार्डाने घेऊन नंतर परत मागितले तर सूट नाही. राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे धर्मादाय नोंदणी असते. वर्षाच्या देणग्या १०,००० डॉलरच्या आत आणि सगळं काम स्वयंसेवी असेल तर ती लागत नाही. आम्ही ती मर्यादा ओलांडणार हे दिसत होतं, म्हणून नोंदलो. २५० डॉलर वा जास्त देणाऱ्याला लेखी पोच द्यावी लागते, आणि बदल्यात काही दिलं की नाही ते त्यात लिहावं लागतं. १०० डॉलरचं जेवणाचं तिकीट असेल आणि थाळी ३५ची, तर वजावट ६५चीच, हे तिकिटावरच छापा. पहिल्या वर्षाचा कागदपत्रं, विमा आणि ठसे धरून खर्च अडीच हजार डॉलरच्या आसपास गेला, आणि त्यातला निम्म्याहून जास्त विम्याचा.

मराठी देणगीदार एक प्रश्न नक्की विचारतात: याच खात्यातून गावच्या मुलींच्या शाळेला पैसे पाठवता येतील का? भारतातल्या संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती परदेशी देणगी घेऊ शकत नाही, आणि आमच्या उद्देशाच्या वाक्यातही ते काम नाही. आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

१५ मे २०२५ च्या आधी पहिलं वार्षिक विवरण भरलं. जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर ९९०-एन पुरतं: आठ गोष्टी विचारतात, दहा मिनिटांत होतं, शुल्क नाही. हिशेबाचं वर्ष संपल्यानंतर पाचव्या महिन्याची १५ तारीख ही मुदत. सलग तीन वर्षं राहिलं तर करमाफी आपोआप जाते आणि पुन्हा पूर्ण अर्ज, पुन्हा शुल्क. राज्याचं वार्षिक विवरण वेगळं असतं, नोंदणी ज्या महिन्यात झाली त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत, ३० डॉलर. दोन्ही तारखा तीन जणींच्या फोनमध्ये टाका, कारण चिटणीस बदलते आणि आठवण तिच्यासोबत जाते.

शाळेचा हॉल सप्टेंबरपासून मिळाला. शनिवारी शिपायाचे तासाचे पैसे वेगळे द्यावे लागतात, ते अंदाजपत्रकात धरा. प्रवेशाच्या अर्जावर वंशाचा रकाना आम्ही ठेवला नाही. त्याऐवजी शेवटी एक रिकामी ओळ आहे: ‘तुझ्या घरच्या माणसांबद्दल आणि भाषेबद्दल तुला जे सांगावंसं वाटेल ते लिही.’ पहिल्या दिवशी आलेल्या एकतीस अर्जांपैकी अठ्ठावीसांवर ती भरलेली होती.